भट्टीचं झाकण : नवशिक्यांसाठी

ज्यांच्याकडे मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी आहे, तिचं झाकण झिजलेलं आहे आणि ते घरच्या घरी दुरुस्त करता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. या तिन्ही अटींत बसणारी व्यक्ती विश्रांतवाडीत माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे आणि तिला आता मार्गदर्शनाचा काही उपयोग नाही. पण पुण्यात एखादी गोष्ट येत नसली तरी शिकवायला हरकत नसते. तेव्हा सुरुवात करू.

झाकण म्हणजे काय

कुकरचं झाकण अडकतं, डब्याचं हरवतं, बरणीचं उघडत नाही. भट्टीचं झाकण यातलं काहीच करत नाही. ते भुरभुरतं.

आमची भट्टी पिंपासारखी गोल, वरून उघडणारी. तिचं झाकण म्हणजे विटांची २८ इंच रुंद आणि अडीच इंच जाड गोल लादी, भोवती स्टीलचा पट्टा. विटा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, पण खरा संसार पट्ट्याच्या जोरावर चाललेला असतो. या विटा बांधकामाच्या नव्हेत, ओतकामाच्या भट्टीतल्या जड फायरब्रिकही नव्हेत. या इन्सुलेशन ब्रिक. यांच्या मातीत लाकडाचा भुसा मिसळतात. वीट भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी हवा राहते. थोडक्यात, आपण दुकानातून पैसे मोजून आणतो ती बरीचशी हवा. नऊ इंची जड वीट साडेतीन किलो भरते, तेवढ्याच आकाराची ही एक किलोच्या आत. ही कोंडलेली हवाच उष्णता अडवते.

हिच्यावर नखाने ओरखडा उठतो आणि कांदा कापायच्या सुरीने ही कापता येते. सुरी मात्र नंतर कांद्याच्या कामाची राहत नाही, हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही. अशी ही वस्तू १२६० अंश सेल्सियस सोसते आणि कोपर लागलं की तुटते. सबंध झाकणाचं वजन साधारण १४ किलो.

भट्टी मी जुनी घेतली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "झाकणाला बारीक चिरा आहेत, पण त्या असतातच. त्यांना काही करू नका." मला ती सारवासारव वाटली. पुढची दोन वर्षं मी जे केलं, ती खरी सारवासारव.

पायरी पहिली : निदान

झाकणाला चिरा का पडतात? भट्टी चालू असताना झाकणाची खालची बाजू हजार अंशांच्या वर असते आणि वरची तिच्या मानाने पुष्कळच गार. खालची फुगू पाहते, वरची फुगत नाही. एकाच अंगात दोन स्वभाव. मग झाकण पहिल्या काही भट्ट्यांतच आपल्या सोयीने तडकतं आणि मोकळं होतं. उड्डाणपुलावरून जाताना गाडी ठक्‌ठक्‌ करते, ती फट जशी मुद्दाम ठेवलेली असते, तशी ही झाकणाने स्वतःहून ठेवून घेतलेली फट. तापल्यावर ती बरीचशी मिटते. तिच्यात काही भरलं, तर पुढच्या वेळी फुगणाऱ्या विटेला जागा उरत नाही आणि ती शेजारी दुसरी चीर पाडते. मग आपण तीही भरतो.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी निदानाला बसले.

निदानाच्या पद्धती तीन. पहिली, बॅटरीची. रात्री भट्टीत पेटलेली बॅटरी ठेवायची, झाकण लावायचं, पार्किंगमधला दिवा घालवायचा आणि उजेड कुठून येतो ते पाहायचं. काठाला बारीक उजेडाची रेघ दिसली तर घाबरू नये, तेवढी सगळ्यांचीच असते. झाकणाच्या मधून उजेड आला तर चीर आरपार आहे. सोसायटीतल्या कोणी "काय करताय?" विचारलं तर "झाकण तपासतेय" असं खरं उत्तर देऊ नये. त्याने संशय वाढतो.

दुसरी पद्धत पेन्सिलीची. झाकणाच्या खालच्या बाजूला प्रत्येक चिरेच्या टोकाशी रेघ मारून तारीख घालायची, म्हणजे चीर वाढते की नाही ते कळतं. मी सतरा चिरांना तारखा घातल्या आणि भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी झाकणावर एकही तारीख नव्हती. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बन, आणि कार्बन एवढ्या उष्णतेत जळून जातो. हे शाळेत शिकवतात. आता मी मोबाइलवर फोटो काढते.

तिसरी पद्धत गोरोबाकाकांची. तेरच्या गोरा कुंभारांनी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मडक्यावर टिचकी मारली की ते भाजलं आहे की नाही, तडकलं आहे की नाही, आवाजावरून खरंच कळतं. या आधारावर मीही झाकणावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. 'थप्प' असा आवाज आला. दुसरीकडे ठोकलं, तिथेही 'थप्प'. चांगल्या विटेवर ठोकलं, 'थप्प'. ज्याच्या पोटात निम्म्याहून जास्त हवा आहे त्याचा आवाज असाच येतो. ही परीक्षा मडक्यांना आणि संतांना लागू पडते. झाकणाला ठोकलं की एवढंच होतं, की खाली आणखी कण पडतात.

पायरी दुसरी : साहित्य

साहित्य आणायला आळंदी रस्त्यावर यावं लागतं. ज्येष्ठ वद्य नवमीला येऊ नये. त्या दिवशी माउलींची पालखी आळंदीहून याच रस्त्याने पुण्याकडे जाते आणि रस्ता वारकऱ्यांचा असतो, तिथे तुमच्या विटांना कोण विचारतो? याच रस्त्याने सरळ गेलं की ज्ञानोबांची आळंदी. तिथल्या कुंभारांना विसोबांनी बजावलं, मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर द्यायचं नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवला आणि पाठीवर मांडे भाजून दिले, अशी कथा आहे. भाजायची तेवढी एक सोय मला बिनझाकणाची माहीत आहे. आपली तेवढी तयारी नाही, म्हणून साहित्य.

दुकानदार काकांना "हजार अंश टिकेल असं काहीतरी द्या" म्हटलं, तर ते आधी तुमच्याकडे आणि मग एम-सीलकडे पाहतात. एम-सील चांगली वस्तू आहे, पाण्याच्या टाकीला लावावी. ते इपॉक्सी आहे आणि भट्टीत तीन-चारशे अंश यायच्या आत काळं पडून जळायला लागतं. व्हाइट सिमेंट आणि साधं सिमेंट यांचंही तेच. सिमेंट घट्ट होतं ते पाणी अंगात बांधून घेऊन. तापमान चार-पाचशे अंशांच्या पुढे गेलं की ते बांधलेलं पाणी सोडतं आणि पीठ होतं. प्लास्टर ऑफ पॅरिस त्याच्याही आधी माघार घेतं. मी या चारही गोष्टी वापरल्या आहेत, त्यामुळे इथे पुस्तकी ज्ञान देत नाहीये.

व्हाइट सिमेंटचा लेप दिसायला फार सुंदर झाला होता. आईसुद्धा म्हणाली, "आता कसं स्वच्छ दिसतंय." त्या खेपेला भट्टीत निळ्या ग्लेझचे सहा वाडगे होते. ग्लेझ म्हणजे वितळलेली काच. ती पातळ असताना वरून जे पडेल ते ती धरते आणि गार झाल्यावर कायमचं सांभाळते. भट्टी उघडली तेव्हा प्रत्येक वाडग्याच्या तळाला पांढरे खडे घट्ट बसलेले. पाहुण्यांना "ही तांदळाची नक्षी आहे का?" असं वाटलं. मी हो म्हणाले.

खरं साहित्य असं : एक जुनी मोडकी इन्सुलेशन वीट, भट्टीसाठीचं रिफ्रॅक्टरी सिमेंट, पाण्याची फवारणी बाटली, मऊ ब्रश, ८० नंबरचा पॉलिशपेपर, व्हॅक्यूम क्लीनर, स्क्रू ड्रायव्हर आणि एन-९५ मास्क. मास्कच्या बाबतीत चेष्टा नाही. या विटांची धूळ आणि काही भट्ट्यांच्या काठाला असतो तो सिरॅमिक फायबर, दोन्ही फुफ्फुसात गेलेले बाहेर येत नाहीत. तोंडाने फुंकर मारून धूळ उडवायची सवय असेल तर ती देवघरातल्या दिव्यासाठीसुद्धा चांगली नाही, इथे तर नाहीच.

पायरी तिसरी : जाणकारांना विचारणे

ही पायरी मी चौथा लेप पडल्यावर घेतली. खरं तर ती पहिली हवी.

पुण्याचा जुना कुंभारवाडा कसबा पेठेतला. त्यातली बरीच मंडळी आता मुंढव्याजवळ केशवनगरला आहेत, दिवाळीच्या पणत्यांचे ढीग तिथूनच सगळ्या पुण्यात जातात. तिथे गेले. एक आजोबा आव्याजवळ बसले होते. मी मोबाइलवर झाकणाचे सतरा फोटो दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हणाले, "झाकण. तुमच्या आव्याच्या झाकणाचं तुम्ही काय करता?"

"झाकण कुठलं?" ते म्हणाले आणि हसले.

आवा कसा लावतात ते तिथे उभं राहून पाहिलं. खाली जळण, गोवऱ्या, भुसा. त्यावर मडकी एकमेकांत रचलेली. पुन्हा जळण. आणि सगळ्यात वर फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, गवत, राख, कुठे मातीचा लिंपा. हे त्यांचं झाकण. भट्टी निवली की ते हाताने बाजूला करायचं. खापऱ्या पुढच्या आव्याला, राख पुढच्या राखेत. दर वेळी झाकण नवं. झिजायला सवडच नाही. आणि आधीच्या भट्टीत जी मडकी फुटली, तीच पुढच्या भट्टीचं छप्पर होतात. माझी फुटकी भांडी मी कचऱ्याच्या गाडीत टाकत होते.

आव्याची आच साधारण सातशे ते नऊशे अंशांची, माझी त्याहून जास्त, त्यामुळे खापऱ्या रचून माझं काम भागणार नाही, हे खरं. पण मी दोन वर्षं ज्या वस्तूला अमर करायला बघत होते, तिच्याशिवाय लोकांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, हे पाहून जरा उतरल्यासारखं झालं.

पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द इथे कमीच पडतो. विश्रांतवाडीहून बसने पुण्यात जाताना येरवड्याला डेक्कन कॉलेज लागतं. तिथल्या संशोधकांनी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तांब्याच्या अवजारांच्या काळातलं शेतकऱ्यांचं गाव ते. तिथे कुंभाराची एक गोल भट्टी सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी. त्या काळातली जोर्वे पद्धतीची लाल भांडी, त्यांवर काळी नक्षी, इतकी पक्की भाजलेली की वाजवली तर धातूसारखी खणखणतात. त्या कुंभाराकडे एम-सील नव्हतं.

(ज्यांना हे काम रीतसर शिकायचं आहे त्यांनी बेळगावच्या पुढे खानापूरला जावं, तिथे खादी ग्रामोद्योगची ग्रामीण कुंभारकामाची संस्था आहे. या मार्गदर्शिकेवर विसंबू नये.)

पायरी चौथी : दुरुस्ती

एवढं सगळं झाल्यावर प्रत्यक्ष दुरुस्ती लहान आहे. तुमची निराशा होईल.

केसासारख्या चिरा सोडून द्या. रुपयाचं नाणं उभं शिरलं तरच त्या चिरेची दखल घ्या, हा माझा घरगुती नियम. झाकणाच्या खालच्या बाजूचे सुटे पापुद्रे पॉलिशपेपरने हलक्या हाताने काढा. हलक्या म्हणजे बाळाचं नाक पुसावं तसं. मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. माझ्या झाकणाचं सत्तर टक्के दुखणं इथेच संपलं. भट्टीत पडत होते ते बरेचसे कण माझ्याच जुन्या लेपांचे होते.

आता लेप. मोडकी वीट कुटून बारीक पूड करा, ती भट्टीच्या सिमेंटमध्ये मिसळा आणि पाणी घाला. किती? घावनाच्या पिठाहून पातळ, मठ्ठ्याहून किंचित दाट. नवशिक्याचा हात इथे श्रीखंडाकडे जातो. जाऊ देऊ नये. जाड लेप आणि वीट यांचं फुगणं-आक्रसणं वेगवेगळं असतं, म्हणून जाड लेप पोळीसारखा सुटून भांड्यांत पडतो. लावण्याआधी विटेवर पाणी फवारा. कोरडी वीट लेपातलं सगळं पाणी एका घोटात पिते आणि वर नुसती भुकटी उरते. मी पहिल्या तीन वेळा पाणी मारलं नव्हतं, कारण भट्टीचा आणि पाण्याचा काय संबंध, असं मला वाटे.

एक दिवस वाळू द्या. मग भट्टी रिकामीच लावायची. झाकण दोन बोटं उघडं ठेवून शंभर अंशांवर दोन तास, म्हणजे वाफ निघून जाते. नंतर झाकण लावून हळूहळू वर.

पट्टा. स्टील तेवढ्याच तापमानाला या विटेच्या जवळजवळ तिप्पट फुगतं, म्हणून पट्टा वर्षानुवर्षं ढिला होत जातो. त्याचा स्क्रू बागेच्या नळीला लावतो त्या होज क्लिपसारखा असतो. भट्टी पूर्ण गार असताना पाव फेरा आवळा आणि थांबा. पुढच्या भट्टीनंतर हवा तर आणखी पाव. पाव या शब्दाचा अर्थ पाव असाच घ्यावा. आमच्याकडे आलेल्या वेल्डरने "ताई, एकदाच काय ते टाइट करून टाकतो" म्हणत दोन फेरे मारले आणि काठाची एक वीट 'कुट्‌' असं म्हणून निवृत्त झाली.

आणि जो उपाय मला आधी कोणीच सांगितला नाही, तो हा : झाकण पालथं घाला. बहुतेक गोल भट्ट्यांचा कडीकोयंडा, बिजागरी आणि मूठ पट्ट्याला असते, लादीला नसते. पट्टा सोडवला की लादी उलटी करता येते. दोन वर्षं पोळलेली बाजू वर जाते आणि आजवर आराम केलेली खाली. मात्र पट्टा सुटला की आरपार तडकलेली लादी म्हणजे नुसत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या विटा. म्हणून तिच्याखाली आणि वर प्लायवूडचा तुकडा, भोवती घट्ट दोरी आणि दोन माणसं. दुसरं माणूस न हसणारं निवडावं.

देखभाल

गावाच्या नावातच अर्धी सूचना आहे. भट्टी बंद केल्यावर दिवसभर तरी तिला विश्रांत सोडा. आत काय झालंय ते बघायचा मोह अनावर असतो. मलाही झाला. गुरुवार होता. गुरुवारी पुण्यात भट्टी लावू नये, हा वीज आणि पाणी दोघांच्याही दुरुस्तीचा वार. सहाशे-सातशे अंशांवर वीज गेली. बंद झाकणाखाली भट्टी आपली शांतपणे निवली असती. मी "नक्की काय झालंय" म्हणून झाकण उचललं. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ आपली घडण बदलतो, त्या सुमाराला गार वारा लागला तर भांडं 'टिंग' असं म्हणतं. मी अकरा 'टिंग' मोजले. झाकणालाही त्या दिवशी अठरावी चीर पडली. शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण भट्टीवाल्यानेच काढली असावी.

झाकणावर काही ठेवू नका. गरम, सपाट आणि रिकामी जागा घरातल्या माणसांना बघवत नाही. आईने त्यावर सांडग्यांचं ताट ठेवलं होतं. सांडगे वाळले, भाजले आणि स्टीलच्या ताटाला निळसर-सोनेरी छटा आली. आता ते तिने खास पाहुण्यांसाठी ठेवलंय.

झाकण सोडून देऊ नका, हाताने खाली टेकवा. पावसाळ्यात वीट हवेतला ओलावा पिते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पहिले शंभर अंश अगदी सावकाश. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उठलं की आमची खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि तेव्हा झाकणातून एखादा कण पडतो असा माझा संशय आहे. त्याला उपाय नाही. संरक्षण खात्याला लिहू नये.

झाकणाचा मधला भाग खाली झोळ देऊ लागला, किंवा पट्टा आवळूनही विटा हलत राहिल्या, तर नवी लादी आणा. मग तिलाही पहिल्या दोन-चार भट्ट्यांत बारीक चिरा पडतील. त्यांना काही करू नका.

मार्च महिन्यात मी आणि माझा भाऊ, दोघांनी मिळून झाकण पालथं घातलं. तो हसला. त्यानंतरच्या पहिल्या भट्टीत बत्तीस पणत्या लावल्या होत्या. एकतीस स्वच्छ निघाल्या.